भिशीचा हिशेब चुकू लागला तेव्हा: चंद्रपुरातल्या एका गुरुजींचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण चंद्रपुरातल्या एका निवृत्त शिक्षकांचं आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. त्यांना इथे गुरुजीच म्हणू या, गल्लीतही सगळे तेच म्हणतात. वय ७३. उभी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवण्यात गेली. घरात ते आणि काकू दोघंच. मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला. नागपूरच्या ज्या स्मृती-क्लिनिकमध्ये मुलगी त्यांना घेऊन आली, तिथे मी समुपदेशनाचं काम करते. डॉक्टरांनी तपासायचं आणि घरी काय बदलता येईल ते मी बघायचं, अशी आमची वाटणी असते.

घर जुनं, कौलारू. कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्यापासून आत, पण फार आत नाही. काकू संध्याकाळी ओटा पुसतात आणि सकाळी त्यावर बोट फिरवलं की बोट काळं होतं. चंद्रपूरकराला यात नवल वाटणार नाही. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज, सिमेंट आणि त्या सगळ्यांसाठी धावणारे ट्रक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि क्रमांक चौथा लागला. या यादीत वर असणं म्हणजे अधिक प्रदूषित असणं. पुढे २०१९ मध्ये, हवा ठरलेल्या मर्यादेत नसलेल्या शहरांसाठी, राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यातही चंद्रपूर आहे.

पण या प्रकरणात मला जास्त काही शिकवलं ते घराच्या आतल्या हवेने. म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहिणार आहे.

समस्या

गुरुजी गल्लीतली भिशी सांभाळायचे. वीस सभासद, दर महिन्याला रक्कम, सोडत, कोणाचा हप्ता राहिला, कोणाला आगाऊ दिले, सगळं एका लांबट वहीत. ती वही मी पाहिली आहे. सुरुवातीची पानं छापल्यासारखी: तांबड्या शाईच्या रेघा, बेरजेखाली दोन आडव्या रेषा. शेवटच्या काही महिन्यांत तोच हप्ता दोनदा लिहिलेला, एका सभासदाचं नाव गाळलेलं, बेरीज खोडून पुन्हा तीच चुकीची बेरीज. एका सभासदाने सगळ्यांसमोर विचारलं, "गुरुजी, माझे पैसे तं मी दिले होते ना?" त्या दिवसापासून गुरुजी भिशीच्या बैठकीला जाईनासे झाले.

काकूंच्या लक्षात आलेलं वेगळं होतं. "सकाळी उठले का डोकं दुखते म्हणतात, अन् एकच गोष्ट तीनदा विचारून राहिले." खोकला दोन-तीन वर्षांपासून होताच. हिवाळ्यात वाढायचा. त्यासाठी औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली आणि सर्दीची गोळी यायची, चिठ्ठीशिवाय, वर्षानुवर्षं. खोकल्यामुळे सकाळचं फिरणं कमी झालं. टीव्हीचा आवाज वाढला. घरच्यांनी हे सगळं वयाच्या खात्यात टाकलं होतं.

मुलगा मात्र एका बातमीवरून अस्वस्थ झाला होता. हवेच्या प्रदूषणाने स्मृतिभ्रंश होतो असं त्याने वाचलं होतं. क्लिनिकमध्ये व्हिडिओ कॉलवर त्याचा पहिला प्रश्न: "बाबांना हे चंद्रपूरच्या हवेमुळे झालं का?"

त्या प्रश्नाचं उत्तर

एका माणसाकडे बोट दाखवून 'याला हवेमुळेच झालं' असं कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. सांगता येतं ते लाखो माणसांबद्दल. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंश आयोगाने २०२० मध्ये टाळता येण्याजोग्या धोक्यांच्या यादीत हवेच्या प्रदूषणाची भर घातली. २०२४ च्या अहवालात हे धोके १४ झाले आणि ते सगळे दूर झाले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबतील, असा अंदाज दिला गेला. त्यात हवेचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास आहे. आकडा लहान दिसतो, पण हवा प्रत्येकाला लागते आणि ती निवडता येत नाही.

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातला २०१७ चा अभ्यास मी मुलाला सांगितला: मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण, रस्त्यापासून ३०० मीटरहून लांब राहणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ७ टक्क्यांनी जास्त आढळलं. चीनमधल्या २०१८ च्या एका अभ्यासात प्रदूषित हवेत राहिलेल्यांचे भाषेचे आणि गणिताचे गुण घसरलेले दिसले. भाषेतली घसरण वयाबरोबर, विशेषतः कमी शिकलेल्या पुरुषांत, वाढत होती.

हे होतं कसं? पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण. ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात, तिथे दाह होतो, त्यातला काही भाग रक्तात उतरतो. रक्तवाहिन्यांची अस्तरं खराब होतात, रक्तदाब वाढतो, मेंदूतल्या बारीक वाहिन्यांना झळ पोचते. नाकातल्या गंधाच्या मज्जातंतूंमार्गे काही कण थेट मेंदूकडे जात असावेत, असेही पुरावे आहेत.

पण गुरुजींच्या घरात मला याहून साधा एक रस्ता दिसला. धुराने खोकला झाला, खोकल्याने गोळ्या आल्या, फिरणं थांबलं, माणसं तुटली. हवा मेंदूपर्यंत या मार्गानेही पोचते, आणि हा मार्ग अडवणं घरच्यांच्या हातात असतं.

तपासणीत काय निघालं

मराठीतली मोका चाचणी घेतली, म्हणजे स्मरण, लक्ष, भाषा वगैरे तपासणारी छोटी प्रश्नावली. ३० पैकी २० गुण. २६ आणि वर सर्वसाधारण धरतात. शिकलेल्या, आयुष्यभर आकडेमोड केलेल्या माणसासाठी २० कमीच. स्वतःची कामं मात्र ते स्वतः करत होते, म्हणून डॉक्टरांनी याला स्मृतिभ्रंश न म्हणता सौम्य बोधक्षीणता, म्हणजे त्याच्या अलीकडची पायरी, म्हटलं. एमआरआयमध्ये बारीक रक्तवाहिन्यांमुळे झालेले बदल दिसले.

याशिवाय बरंच निघालं. ब-१२ जीवनसत्त्व कमी. रक्तदाब जास्त, आणि त्यावर औषध नाही. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. एका डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. फुप्फुसांच्या चाचणीत सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, तेही कधी विडी न ओढलेल्या माणसाला.

आणि ती औषधाची पिशवी. आमच्याकडे नियम आहे की रुग्णाने घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायची, बाटल्या आणि उघड्या पट्ट्यांसकट. त्यात खोकल्याची बाटली आणि सर्दीची गोळी, दोन्हींत क्लोरफेनिरामिन. हे जुन्या पिढीचं ॲलर्जीचं औषध मेंदूतल्या ॲसिटिलकोलीनला अडवतं, आणि स्मरणाचं काम त्याच रसायनावर चालतं. वृद्धांनी टाळावीत अशा औषधांची 'बीअर्स यादी' अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची संस्था काढते, त्यात हे आहे. गुरुजी ते हिवाळाभर रोज घेत होते.

सकाळच्या डोकेदुखीचं कारण घरी गेल्यावरच कळलं.

घरभेट

मुलाने हवा मोजणारं एक लहान यंत्र मागवून चंद्रपूरला पाठवलं होतं. अशी स्वस्त यंत्रं दमट हवेत गडबडतात, त्यांच्या आकड्यावर शपथ घेऊ नये. पण एका घरातल्या दोन वेळांची तुलना करायला ती चालतात. दुपारी ट्रक चालू असताना ओट्यावर जो आकडा दिसला, त्याच्या कितीतरी पट आकडा रात्री बंद झोपायच्या खोलीत होता. पीएम २.५ साठी आपल्याकडची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. खोलीतलं यंत्र ३०० च्या पुढे गेलं.

कारण खाटेखालीच होतं. मच्छर अगरबत्तीचा वेटोळा. २००३ च्या एका अभ्यासात असा एक वेटोळा पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडतो असं आढळलं होतं. दारं बंद, खिडकी बंद, रात्रभर.

दुसरी गोष्ट सिगडी. चंद्रपुरात कोळसा सहज मिळतो, आणि हिवाळ्यात सिगडीवर अंघोळीचं पाणी तापतं. पाणी तापलं की उरलेली धग वाया जाऊ नये म्हणून काकू सिगडी झोपायच्या खोलीत आणून ठेवायच्या. निखारे लाल झाले की धूर दिसत नाही, म्हणून भीती वाटत नाही. पण त्याच निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. सकाळचं जड डोकं, मळमळ, सुस्ती यांचा संशय डॉक्टरांना तिथेच आला. बंद खोलीतली सिगडी माणूस मारूही शकते. मी काकूंना तेवढ्याच स्पष्ट शब्दांत सांगितलं, आणि सिगडी त्याच दिवशी अंगणात गेली.

तिसरी गोष्ट खिडकीबाहेर होती: शेजारची चहाची टपरी. पहाटे पाचला तिथली सिगडी पेटायची आणि पेटतानाचा पिवळा धूर सरळ गुरुजींच्या खिडकीत यायचा. गुरुजी याच वेळी उठून फिरायला जायचे, तेही ट्रकच्या रस्त्याने.

कोणते पर्याय होते

घर सोडणं हा मुलाचा आग्रह होता. पुण्याला आठव्या मजल्यावर फ्लॅट, बाबांसाठी वेगळी खोली. ऐकायला चांगलं वाटतं. पण ज्याची स्मृती डळमळते आहे, त्याला ओळखीचं घरच अर्धं सांभाळत असतं. न्हाणीघर कुठे, बटण कुठे, कोणत्या वळणावर किराणा, हे डोकं विसरलं तरी पायांना माहीत असतं. शिवाय स्वच्छ हवेच्या कार्यक्रमातल्या शहरांत पुणे आणि नागपूरही आहेतच. मुलीचं मत होतं की आधी घर सुधारावं. काकूंचं मत कोणी विचारलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तिथं मी कोणाशी बोलू?"

हवा शुद्ध करणारं यंत्र वापरणं हा दुसरा पर्याय. तो वाईट नाही, पण विदर्भात त्याला एक अडचण आहे, ती जाहिरातीत नसते. शुद्धीकरण यंत्राला खोली बंद लागते. उन्हाळ्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, घराघरात कूलर चालतो, आणि कूलरला खिडकी उघडी लागते. कूलर बाहेरची हवा आत ओढतो. ओल्या ताट्या जाड धूळ अडवतात, बारीक कण नाही. म्हणजे यंत्र आणि कूलर एकाच खोलीत एकमेकांच्या विरुद्ध काम करणार. एसीचा विचार झाला, पण विजेच्या बिलाच्या भीतीने गुरुजी तो बंदच ठेवतील, हे मुलीने बरोबर ओळखलं. आणि या वयात उष्णता धुराइतकीच घातक. म्हणून ठरलं: यंत्र दिवाळीपासून होळीपर्यंत, रात्री, फक्त झोपायच्या खोलीत. उन्हाळ्यात कूलर. हिवाळ्यात थंड हवेचा थर खाली बसतो आणि धूर जमिनीलगत कोंडतो, त्यामुळे यंत्राची खरी गरज तेव्हाच असते.

काहीच न करता फक्त औषधं देणं हा तिसरा पर्याय कोणी मोठ्याने बोललं नाही. व्यवहारात मात्र बहुतेक घरांत तोच निवडला जातो.

काय केलं

आधी औषधं. क्लोरफेनिरामिनची बाटली आणि गोळी बंद. सीओपीडीसाठी इन्हेलर, आणि तो ओढायचा कसा हे काकूंसमोर दोनदा करून घेतलं. बऱ्याच घरांत इन्हेलर असतो, पण औषध जिभेवरच राहतं. ब-१२ ची इंजेक्शनं, रक्तदाबाची गोळी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया महिन्याभरात झाली. श्रवणयंत्राला गुरुजी तयार नव्हते. "म्हातारा दिसतो," म्हणाले. आवाज नीट ऐकू आला नाही तर तो लक्षातही राहत नाही, आणि ऐकू कमी येणं हा त्या १४ धोक्यांतला एक मोठा धोका आहे, हे सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. शेवटी नातवाशी फोनवर बोलता यावं म्हणून घातलं.

मग घर. मच्छर अगरबत्तीच्या जागी मच्छरदाणी. चंद्रपुरात डासांकडे दुर्लक्ष करून चालत नाही, म्हणून 'अगरबत्ती बंद करा' एवढंच सांगणं बेजबाबदार झालं असतं. पाण्यासाठी विजेचा गिझर. गॅसचा गिझर स्वस्त पडत होता, पण त्यांच्या न्हाणीघराला खिडकी नाही, आणि तिथे पुन्हा कार्बन मोनॉक्साइडचाच धोका. कोरड्या झाडूऐवजी ओला पोछा. देवापुढची उदबत्ती बंद करा असं मी म्हटलं नाही. काकूंनीच ती अंगणातल्या तुळशीपाशी नेली.

टपरीचं प्रकरण नाजूक होतं. मुलगा महापालिकेत तक्रार करायला निघाला होता. गुरुजींनी थांबवलं, कारण टपरीवाला त्यांचा विद्यार्थी. ते स्वतः बोलायला गेले. "सिगडी नाही तं धंदा कसा करू, गुरुजी? सिलिंडर परवडते का मले?" हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तोडगा त्यानेच काढला: सिगडी रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत पेटवायची आणि कोळसा लाल झाला की टपरीत आणायची. सगळ्यात जास्त धूर पेटतानाच होतो, त्यामुळे खिडकीतला धूर बराच कमी झाला. कोपऱ्यावर कचरा जाळणाऱ्यांविरुद्ध मात्र तक्रार केली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली आहे. आदेशाची प्रत अर्जाला जोडली.

फिरणं थांबवायचं नाही, हे आम्ही आग्रहाने सांगितलं. प्रदूषणाच्या भीतीने म्हातारी माणसं घरात बसतात, आणि बसून राहणं हा मेंदूला वेगळा धोका. वेळ आणि वाट बदलली. हिवाळ्यात ऊन वर आल्यावर किंवा दुपारी चारच्या सुमारास, उन्हाळ्यात पहाटे. जटपुरा गेटकडच्या गर्दीच्या रस्त्याऐवजी किल्ल्याच्या परकोटालगतची शांत बाजू. मुलीने फोनमध्ये शहराच्या हवेचा गुणवत्ता निर्देशांक दाखवणारं 'समीर' ॲप टाकून दिलं. तो निर्देशांक २०० च्या वर, म्हणजे 'खराब' गटात गेला, की अंगणात फेऱ्या.

भिशीची वही सगळ्यात अवघड होती. ती काढून घेणं म्हणजे गुरुजींकडून गुरुजीपण काढून घेणं. पुतण्याने हिशेब फोनवर घ्यायला सुरुवात केली आणि महिन्याच्या शेवटी गुरुजींनी तो वहीतून तपासायचा, असं ठरलं. बैठकीला ते पुन्हा जाऊ लागले.

मधला अडथळा

जानेवारीत, सगळं बरं चाललं असताना, मुलाने दोघांना पुण्याला नेलं. महिनाभर राहा म्हणाला. चौथ्या रात्री गुरुजी न्हाणीघर शोधत उठले आणि फ्लॅटचं मुख्य दार उघडून जिन्यात गेले. वॉचमनने वर आणलं. काही लागलं नाही, पण त्यानंतर ते झोपेनात, काकूंवर संशय घेऊ लागले. आठवड्याभरात परत आले. घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांत शांत झाले. मुलाला याचं फार लागलं. त्याने प्रेमापोटीच नेलं होतं, हे त्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

निष्पत्ती

वर्षभराने मोकात २३ गुण आले. यावर फार आनंदून जाऊ नये. तीच चाचणी पुन्हा दिली की सरावाने एखाद-दोन गुण वाढतात, आणि बंद केलेलं औषध, ब-१२, दिसणं, ऐकणं यांतल्या कशाने किती फरक पडला हे वेगळं काढता येत नाही. हवेचा वाटा तर मुळीच वेगळा काढता येत नाही. सकाळची डोकेदुखी थांबली, ती सिगडी हलल्यावर आठवड्यातच. हिवाळ्यातला खोकला निम्म्यावर आला. नावं अजून विसरतात. नवीन फोन शिकणं जमत नाही. बारीक वाहिन्यांचे बदल भरून येत नाहीत, आणि पुढची काही वर्षं कशी जातील हे कोणी लिहून देऊ शकत नाही.

कचरा जाळणं काही महिने थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. ट्रक तसेच जातात, बरेचसे ताडपत्रीशिवाय. ओटा अजून काळा होतो. मला याचा राग येतो, आणि तो लपवावासा वाटत नाही. एका कुटुंबाने मच्छरदाणी लावली, गिझर घेतला, फिरायची वाट बदलली, जे जे हातात होतं ते सगळं केलं. दाराबाहेरची हवा त्यांच्या हातात नाही. ज्यांच्या हातात आहे, त्यांच्या कामाच्या यादीत म्हाताऱ्या माणसाची स्मृती अजून आलेली नाही. प्रदूषणाच्या बैठकांत दम्याबद्दल बोलतात, लहान मुलांबद्दल बोलतात. विसरणाऱ्या आजोबांबद्दल क्वचितच.

वेगळं काय करता आलं असतं

खोकल्यासाठी गुरुजी तीन वर्षांत निरनिराळ्या डॉक्टरांकडे गेले होते. 'विडी ओढता का' हे सगळ्यांनी विचारलं. घरात काय जळतं, हे एकानेही नाही. हा एक प्रश्न तेव्हा विचारला गेला असता तर सिगडी आधीच बाहेर गेली असती. औषधाच्या दुकानदाराने वयस्कर गिऱ्हाईकाला तीच बाटली महिन्यामागून महिना देताना थांबायला हवं होतं.

पैशांचा क्रमही उलटा झाला. शुद्धीकरण यंत्र मुलाने घरभेटीच्या आधीच मागवलं होतं, आणि काही रात्री ते जळत्या अगरबत्तीच्या शेजारी चालत होतं. आधी मच्छरदाणी, मग यंत्राचा विचार, असं झालं असतं तर कदाचित लहान यंत्रावर भागलं असतं.

पुण्याला नेण्याआधी दोन दिवसांची चाचणी-भेट करायला हवी होती. रात्री दिवा चालू, न्हाणीघराच्या दारावर मोठी चिठ्ठी, मुख्य दाराला वरची कडी. मुक्काम हलवायचाच असेल तर स्मृती चांगली असतानाच हलवावा.

आणि काकू. वय ६८. सिगडीसमोर गुरुजींपेक्षा जास्त वर्षं बसलेल्या त्याच. तरी वर्षभर प्रत्येक भेटीला त्या सोबतीण म्हणून आल्या, रुग्ण म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. मुलीच्या लक्षात आलं ते त्या जिना चढताना थांबल्या तेव्हा. त्यांची मोका चाचणी चांगली निघाली, कान ठीक. फुप्फुसांची ताकद गुरुजींहून कमी आणि रक्तदाब १६० च्या वर. आता दोघांच्या तारखा एकाच दिवशी घेतो, आणि इन्हेलर त्याही ओढतात.